झोप होते, पण अंगी लागत नाही : फायब्रोमायाल्जिया असलेल्यांच्या रात्री (बडोदे)

स्वरदा_वाडी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय घेतलाय फायब्रोमायाल्जिया (अंगभर कायम दुखत राहण्याचा आजार) असलेल्या माणसांची झोप. घरात मराठी बोलणाऱ्या बडोदेकरांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रश्न मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले, म्हणून हा धागा.

विषय माझ्या आत्यामुळे मिळाला. ती रावपुऱ्यात राहायची, सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे झोपायला जायचो. सकाळी उठली की ती पलंगाच्या कडेवर बसून राहायची, हाताच्या मुठी उघडझाप करत, पंधरा-वीस मिनिटं. काय झालं विचारलं की म्हणायची, "अंग आंबलंय गं." आजीला ते पटायचं नाही. "नऊला आडवी झालीस, सहाला उठलीस, आंबायला काय झालं?" आत्या गप्प बसायची. तिला निदान मिळालं तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. त्याआधी अकरा वर्षं संधिवात समजून, कॅल्शियम कमी समजून आणि शेवटी "मनावर घेऊ नका" असं ऐकून काढली. आता ती नाही. तिला त्या रात्रींबद्दल नीट काही विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

अडचण अशी आहे. झोपेच्या अभ्यासात पिट्सबर्गची एक प्रश्नावली सर्रास वापरतात. १९८९ सालची, १९ प्रश्न, मागच्या महिन्याबद्दल. किती वाजता झोपता, डोळा लागायला किती मिनिटं, एकूण किती तास, असं. सराव म्हणून तीन बायकांशी बोलले. तिघींनी आकडे दिले. सात तास. साडेसहा. सात. आणि पुढे बोलणंच खुंटलं. मग तिसऱ्या बाईंनी दारात चप्पल घालता घालता मागे वळून म्हटलं, "झोप होते गं, पण अंगी लागत नाही."

तासभर मी जे विचारत होते त्याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं आणि माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. इंग्रजीत याला 'नॉन-रिस्टोरेटिव्ह स्लीप' म्हणतात. आमच्या भाषांतरात 'अपुनरुज्जीवक निद्रा' आलं. ते ऐकून कोणीही "हो, मला हेच होतं" म्हणणार नाही.

तुम्हाला किंवा घरात कोणाला हा आजार असेल तर तुमची रात्र कशी जाते ते तुमच्याच शब्दांत लिहाल का? मुलाखतीला यायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सकाळी १० ते १२ आमच्या विभागात भेटता येईल.

---

उमा_प्रतापनगर | सोमवार, रात्री ११:१५

स्वरदा, मी एकसष्ट वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. निदान होऊन नऊ वर्षं झाली. तुझ्या आत्याबद्दल वाचून डोळे भरून आले. मुठी उघडझाप करत बसणं मला माहीत आहे.

रात्र सांगते. निरोगी माणूस झोपेतच कूस बदलतो, त्याला कळतही नाही. मला कूस बदलायला जागं व्हावंच लागतं. डाव्या कुशीवर असले की थोड्या वेळाने तो खांदा आणि खुब्याचं हाड असं दुखायला लागतं की जणू फरशीवर झोपले आहे. मग हाताने गादीला रेटा देऊन उजवीकडे. तिकडे तेच. उताणी झाले की पाठ. रात्रीत असं दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटंच जाग येते, म्हणून तासांच्या हिशेबात ते कुठे दिसतच नाही. मी सात तास पलंगावर असते आणि त्यातले साडेसहा झोपेत, हे खरं आहे. पण ती झोप वरवरची, सावध असते. खाली कुकरच्या शिट्ट्या मोजत बसल्यासारखी.

दुसरं पांघरुणाचं. नवीन चादरीची शिवण टोचते. विकतच्या जाड रजईचं ओझं पायाच्या बोटांना सहन होत नाही. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी काढली, ती एकच चालते. आणि पंखा! बडोद्याच्या मे महिन्यात पंख्याशिवाय रात्र काढता येत नाही, पण त्याचा वारा गुडघ्यांवर आला की ठणका सुरू. म्हणून चव्वेचाळीस अंशाच्या दिवसांतसुद्धा वर पंखा फुल आणि गुडघ्यांवर शाल. यजमानांना हे कळायला फार वर्षं लागली.

सकाळी कणीक मळता येत नाही. मी रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवते. शाळेत असताना पहिल्या तासाला मुलांची नावं चुकायची. एकदा सतराचा पाढा म्हणताना सतरा साते नंतर पुढचं सुचेना. बत्तीस वर्षं तो पाढा शिकवलेली बाई मी. वर्गात कोणी हसलं नाही, पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. वेदनेपेक्षा ते जास्त लागलं.

---

ओंकार_ज | मंगळवार, सकाळी ७:०५

मी नवरा म्हणून लिहितोय. बायकोला चार वर्षांपासून आहे.

रोज सकाळी चहा देताना मी विचारायचो, "झाली का झोप?" काळजीनेच. ती "हं" म्हणायची. गेल्या दिवाळीला तिला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणलं, त्यात झोपेचा आलेख येतो. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने मोबाइल दाखवला, "बघ, ७ तास १० मिनिटं! छान झोपलीस." तिने घड्याळ काढून कपाटात ठेवलं. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग म्हणाली, "आता यंत्रसुद्धा मला खोटी पाडणार."

मला फार लागलं ते. स्वरदा, ही घड्याळं नेमकं काय मोजतात? आणि मी सकाळी काय विचारायला हवं होतं?

---

डॉ_फतेगंज | मंगळवार, दुपारी २:२०

ओंकार, मनगटावरचं यंत्र प्रामुख्याने हालचाल मोजतं, काहींत नाडीही. दुखतंय म्हणून न हलता, डोळे मिटून पडलेल्या माणसाला ते झोपलेला धरतं. तुमच्या पत्नीसारख्यांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. त्यांना खोटं ठरवणारा हा पुरावा नाही.

माझं काम जनरल मेडिसिनचं, पण असे रुग्ण बरेच बघतो म्हणून थोडं मागचं सांगतो. १९७५ साली टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे आलेख झोपेत काढले. तेव्हा या आजाराला 'फायब्रोसायटिस' म्हणत. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ असतात, त्या डेल्टा. जागेपणी नुसते डोळे मिटून पडलो की दिसतात त्या अल्फा. या रुग्णांच्या डेल्टा लहरींत अल्फा मिसळलेल्या दिसल्या. शरीर गाढ झोपेत आणि मेंदूचा एक पहारेकरी जागा. उमाताईंनी "सावध झोप" लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मी तो शब्द उद्यापासून ओपीडीत वापरणार आहे.

मग त्यांनी उलटी तपासणी केली. निरोगी तरुणांना रात्री आवाज करून गाढ झोपेतून फक्त वर आणलं, पुरतं जागं होऊ न देता. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखू लागलं, स्नायू दाबले की कळ येऊ लागली. नीट झोप मिळाल्यावर ते ओसरलं. म्हणजे दुखण्याने झोप बिघडते हे तर आहेच, पण बिघडलेल्या झोपेने दुखणं वाढतं हेही तितकंच खरं. पुढे असंही आढळलं की अल्फाची ही लुडबूड प्रत्येक रुग्णात नसते आणि हा आजार नसलेल्यांतही कधी दिसते. म्हणून निदानासाठी तिचा उपयोग नाही.

नॉर्वेतला एक मोठा अभ्यास २०१२ साली आला. सुरुवातीला हा आजार नसलेल्या १२ हजारांहून अधिक स्त्रियांची दहा-अकरा वर्षांनी पुन्हा माहिती घेतली. ज्यांनी आधी झोपेची तक्रार वारंवार किंवा कायम असल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यात पुढे फायब्रोमायाल्जियाचा धोका साधारण साडेतीनपट निघाला.

निदानाच्या कसोट्यांतही बदल झाला. १९९० च्या कसोटीत अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून बघायचे आणि त्यातले ११ दुखायला हवेत, असं होतं. झोपेचा त्यात उल्लेखच नव्हता. २०१० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने नवी कसोटी आणली. त्यात अंगभर किती ठिकाणी दुखतं याच्या जोडीला तीन गोष्टींना गुण देतात: थकवा, विचार-स्मरणाचा गोंधळ आणि सकाळी उठल्यावर ताजंतवानं न वाटणं. प्रत्येकीला ० ते ३. त्रास निदान तीन महिने टिकलेला हवा.

स्वरदा, त्या बाई दारात जे बोलल्या तो या आजाराच्या तीन मुख्य खुणांपैकी एक आहे. तो प्रश्न शेवटी ठेवू नका.

---

चिंतामण_र | मंगळवार, संध्या. ६:३०

मी पंचाहत्तरीचा आहे, रेल्वेतून निवृत्त. कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण मनात आहे ते लिहितो. आमच्या आयांनी विहिरीचं पाणी ओढलं, दळण दळलं आणि रात्री पाठ टेकली की झोप. आज अंगमेहनत नाही, रात्री बारापर्यंत फोन. रक्त तपासलं की सगळं नॉर्मल येतं आणि तरीही आजार, हे मला समजत नाही. मन शांत ठेवावं, शवासन करावं, झोप येईल असं वाटतं.

---

उमा_प्रतापनगर | मंगळवार, रात्री १०:५०

चिंतामणराव, तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून नम्रपणे लिहिते. माझी आई दळण दळायची आणि रात्री पाठ टेकून "आई गं, आई गं" म्हणायची, तेही मी ऐकलंय. तिला कोणी विचारलं नव्हतं. बायका झोपतात असं आपण धरून चाललो होतो.

शवासन मी रोज करते. त्याने बरं वाटतं. आजार जात नाही.

---

डॉ_फतेगंज | मंगळवार, रात्री ११:३०

रक्त नॉर्मल येतं ते बरोबर आहे. सूज नसते, म्हणून सूज दाखवणारे ईएसआर, सीआरपी हे आकडे वाढत नाहीत. थायरॉइड, ड जीवनसत्त्व वगैरे तपासतो ते दुसरं काही नाही ना हे बघायला. बिघाड वेदनेच्या यंत्रणेत असतो. मज्जारज्जू आणि मेंदू साध्या स्पर्शाचा, दाबाचा संदेश मोठा करून वाचतात. रेडिओ ठीक आहे, आवाजाचं बटण वरच्या टोकाला अडकलंय, असं मी रुग्णांना सांगतो. उमाताईंना चादरीची शिवण टोचते ती त्यामुळेच. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ पासून अशा वेदनेला 'नोसिप्लास्टिक' हे वेगळं नाव दिलंय. मन त्यात नाही असं नव्हे, पण "मनाचं आहे" म्हटलं की रुग्ण बोलायचा थांबतो आणि मग आपल्याला काहीच कळत नाही.

---

मीनल_कारेलीबाग | बुधवार, रात्री १२:१०

मी सव्वीस वर्षांची. बडोद्यात वाढलेल्या मुलीला नवरात्र काय असते ते इथे सांगायला नको. आठवीपासून नऊच्या नऊ रात्री गरबा खेळलेय. दोन वर्षांपूर्वी निदान झालं आणि तेव्हापासून मला वर्षात सगळ्यात जास्त भीती त्याच नऊ रात्रींची वाटते.

न खेळता घरी राहिले तर मैदानाचा आवाज. एरवी लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद, पण सणाचे मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं आणि नवरात्रात ती मिळते. ढोलाचा ठेका भिंतीतून येतो, तो मला कानापेक्षा बरगड्यांत जाणवतो. बारानंतर स्कूटर, हॉर्न, नाश्त्याच्या गाड्यांवरची गर्दी. दीड-दोनला शांत होतं. तोवर अंग इतकं ताणलेलं असतं की झोप आली तरी ती ग्लानी असते.

खेळले तर? पहिल्या वर्षी हट्टाने दोन रात्री खेळले. खेळताना दुखत नव्हतं, खरंच. आनंदच इतका होता. तिसऱ्या दिवशी आईने दात घासायला ब्रशवर पेस्ट लावून दिली, कारण ट्यूब दाबता येत नव्हती.

गेल्या वर्षी एक मधला रस्ता काढला. दुपारी दोन तास पडून राहायचं, एक दिवसाआड जायचं, बाहेरच्या मोठ्या वर्तुळात फक्त दोन ताळी (दोन टाळ्यांचा साधा गरबा), आणि आरती झाली की निघायचं. मैत्रिणी "एटलामां थाकी गई?" (एवढ्यात थकलीस?) म्हणतात. गुजरातीत 'थाक' म्हटलं की सगळ्यांना दिवसभराचा शीण डोळ्यासमोर येतो. माझा थाक तसा नाही, तो झोपून उठल्यावर जास्त असतो. हे त्यांना सांगायला मला अजून शब्द सापडलेला नाही.

स्वरदाताई, तुमच्या प्रश्नावलीत "मागच्या महिन्यात" असं आहे ना? आश्विनात विचारलंत आणि माघात विचारलंत तर मी वेगळीच उत्तरं देईन.

---

स्वरदा_वाडी | बुधवार, सकाळी ८:१५

मीनल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीची तारीख आणि आसपासचे सण आता प्रत्येक नोंदीवर लिहीन. जमलं तर एकाच व्यक्तीला दोनदा भेटेन.

भाषेचा मुद्दाही मोठा आहे. आपण दवाखान्यात गुजरातीत बोलतो, घरी मराठीत. गुजरातीत 'कळतर' (अंगदुखी) म्हटलं की डॉक्टर पटकन समजतात, पण माझ्या आत्याचं 'आंबणं' कळतरमध्ये बसत नव्हतं. ते गुजरातीत सांगता न आल्यामुळे ती "दुखे छे" एवढंच सांगून यायची.

---

चिंतामण_र | बुधवार, सकाळी ११:००

सर्वांचं वाचलं. डॉक्टरांचं रेडिओचं समजलं. माझी शंका पूर्ण गेली नाही, पण शब्दांचा प्रश्न असेल तर माझा उपयोग होईल. माझ्या आजीचं बोलणं मला आठवतं.

अंग आंबणं म्हणजे श्रमाने स्नायू जड होऊन आखडणं. ठणकणं हे एका जागी, नाडीच्या ठोक्याबरोबर. कसकसणं हे तापाच्या आधीचं, सगळ्या अंगात बारीक. मोडून येणं म्हणजे हाडं सुटी झाल्यासारखं, उभं राहवत नाही. कसर म्हणजे नाव ठेवता येत नाही असं काहीतरी बिनसलेलं. झोपेचंही तसंच. डोळा लागणं वेगळं, पेंग वेगळी, झापड वेगळी. झापड येते तेव्हा माणूस झोपायला विरोध करत असतो. ग्लानीत विरोध करायची ताकद नसते. सावध झोप राखणदाराची. गाढ झोपेला आजी 'मेल्यासारखी झोप' म्हणायची आणि ते चांगल्या अर्थाने.

बाईंना तास विचारू नका. यातला कोणता शब्द लागू पडतो ते विचारा.

---

स्वरदा_वाडी | बुधवार, सकाळी ११:२०

चिंतामणकाका, हे मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मनापासून आभार.

---

शिफ्ट_मकरपुरा | बुधवार, दुपारी १:४०

पुरुषांनाही होतो हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वय ४४. मकरपुऱ्याला एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम. निदान व्हायला सहा वर्षं लागली. एका दवाखान्यात तर तोंडावर सांगितलं, हा बायकांचा आजार आहे, तुम्हाला कसा असेल.

रात्रपाळी करून सकाळी सातला घरी. पडदे लावून झोपायचं. डोळा लागतो, पण पाय स्वस्थ बसत नाहीत. पोटरीच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं, हलवले की बरं, थांबवले की परत. बायको म्हणते झोपेत सायकल चालवता. मला वाटायचं हा याच आजाराचा भाग असेल.

सुपरवायझरला सांगितलं, पाळी बदलून द्या. त्याने कागद मागितला. कागदावर आजाराचं नाव आहे, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ते नाही, त्यामुळे माझ्याकडे मागायला हक्क नाही, विनंती आहे. दिसायला धडधाकट आहे. लोक म्हणतात, पाळी चुकवायला करतो. सगळ्यात वाईट तेच वाटतं.

---

डॉ_फतेगंज | बुधवार, दुपारी १:५०

दादा, पायांचं तुम्ही जे वर्णन केलंय ते 'रेस्टलेस लेग्ज' असू शकतं. ते वेगळं दुखणं आहे, फायब्रोमायाल्जियाबरोबर बऱ्याचदा आढळतं आणि त्याला वेगळा इलाज आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगून फेरिटिन तपासून घ्या. शरीरातला लोहाचा साठा कमी असेल तर हा त्रास वाढतो आणि साठा भरून काढल्यावर कमी होऊ शकतो. घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. "फायब्रो आहे म्हणून झोप नाही" असं म्हणून बाकी कारणं शोधायचं थांबवलं जातं, तिथे आम्हा डॉक्टरांचं चुकतं.

सर्वांसाठी एक कळकळीची विनंती. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्यांनी डोळा लागतो, पण गाढ झोपेचा टप्पा उलट घटतो आणि सवय लागते. या आजारात रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन, किंवा प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटीन अशी औषधं माणूस बघून देतात. थेट झोपेवर लक्ष ठेवून केलेलं एक औषधही आता आलंय. झोपताना जिभेखाली ठेवायची सायक्लोबेन्झाप्रिनची गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाली. तरी युरोपियन तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सगळे उपाय पारखले तेव्हा जोरदार शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम. हळूहळू वाढवत नेलेला.

---

अनघा_गोत्री | बुधवार, संध्या. ५:१५

व्यायामाचं वाचून मला आधी राग यायचा, आता येत नाही, कारण 'हळूहळू' म्हणजे किती हळू ते कोणी सांगितल्यावर जमलं. मी कमाटीबागेत सुरुवातीला फक्त पाच मिनिटं चालायचे, फाटकापासून बँडस्टँडच्या दिशेने निम्मं अंतर, आणि परत. दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं वाढवली. बरं वाटलं त्या दिवशीही जास्त चालायचं नाही, हे सगळ्यात अवघड. बऱ्या दिवशी आपण घर आवरायला काढतो आणि पुढचे तीन दिवस भरतो.

मी झोपेसाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धती) पण केली, सहा आठवडे. त्यात झोपेची डायरी लिहायची, उठायची वेळ रोज एकच ठेवायची, पलंगावर नुसतं जागं पडून राहायचं नाही, वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. कागदावर सोपं वाटतं. पण ज्याला पलंगावरून उठायलाच दहा मिनिटं लागतात त्याने रात्री तीनदा उठायचं कसं? मी समुपदेशकांना हे स्पष्ट सांगितलं. मग आम्ही ते बदललं. पलंगाशेजारी उंच पाठीची खुर्ची, त्यावर उशी, हाताशी दिवा. उठून तिथे बसायचं, बस. तेवढ्याने फरक पडला. तीनची जाग अजून येते, पण "आता उद्याचा दिवस गेला" हा धसका कमी झालाय. धसका गेला की परत डोळा लागतो.

---

वृंदा_पुणे | बुधवार, रात्री ९:३०

एक विचारते, राग मानू नका. इथे लोक फार खाजगी लिहितायत. हे सगळं प्रबंधात जाणार का?

---

स्वरदा_वाडी | बुधवार, रात्री १०:०५

वृंदाताई, विचारलंत ते बरं केलंत, हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. नाही. इथलं एकही वाक्य प्रबंधात जाणार नाही. एथिक्स कमिटीची मान्यता समोर बसून, लेखी संमती घेऊन केलेल्या मुलाखतींना आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनाच मी भेटेन. नाव, पत्ता, कामाची जागा काढून टाकेन, आणि कोणत्याही क्षणी "नको" म्हटलं तर नोंद पुसून टाकेन. इथे मी शिकायला आले आहे. प्रश्न कसे विचारावेत ते.

आणि शिकले. आज दुपारी जुना कागद बाजूला ठेवून नवा लिहिला. पहिला प्रश्न आता असा आहे: "काल रात्रीबद्दल सांगा, आडवं झाल्यापासून उठेपर्यंत." मध्ये बोलायचं नाही. दुसरा: "ही झोप अंगी लागली का? कशावरून कळलं?" मग चिंतामणकाकांचे शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवायचे आणि उचलायला सांगायचं. गुजरातीत सांगायचं झालं तर काय म्हणाल, हेही. कूस, पांघरूण, पंखा यांवर एक प्रश्न. कामाची पाळी, सण, आवाज यांवर एक. "तुमचं ऐकून कोणी विश्वास ठेवला नाही, असं झालं का?" हा एक. तासांचा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण तो लागतोच.

ओंकार, सकाळी काय विचारायचं हे तुम्ही विचारलं होतं. मी सांगण्यापेक्षा पत्नीलाच विचाराल का?

---

ओंकार_ज | गुरुवार, सकाळी ७:४५

विचारलं. म्हणाली, काही विचारू नकोस, चहाचा कप कानाच्या बाजूने माझ्या हातात दे आणि पडदा अर्धाच उघड. आज तसं केलं. मग दहा मिनिटांनी तीच बोलली.

---

मीनल_कारेलीबाग | गुरुवार, सकाळी ९:३०

स्वरदाताई, व्यनि केलाय. माघात एकदा आणि आश्विनात एकदा या.

---

शिफ्ट_मकरपुरा | गुरुवार, दुपारी ३:१०

फेरिटिनला रक्त देऊन आलो. रिपोर्ट शनिवारी. मी पण बोलायला तयार आहे, फक्त रात्रपाळीच्या आठवड्यात नको.

---

उमा_प्रतापनगर | गुरुवार, दुपारी ४:३०

स्वरदा, मी येईन म्हणाले असते, पण तू सकाळी १० ते १२ लिहिलंस आणि मी थांबले. दहा वाजता माझी बोटं जेमतेम उघडलेली असतात आणि शब्द सापडत नाहीत. त्यात प्रतापनगरहून रिक्षाचे धक्के. असे सकाळी न येऊ शकणारे लोक तुझ्या अभ्यासातून आपोआप गळतील आणि नेमके त्यांनाच जास्त त्रास असेल.

---

स्वरदा_वाडी | गुरुवार, संध्या. ५:०५

उमाताई, वेळ बदलली. दुपारी ३ नंतर, तुमच्या घरी, मी येते. ज्यांना ज्यांना सकाळची वेळ दिली होती त्या सगळ्यांना आत्ता व्यनि करते आहे.

---

उमा_प्रतापनगर | गुरुवार, संध्या. ५:२०

बुधवारी ये मग, चारला. जिना चढून डावीकडचं दार. बेल वाजवून जरा थांब, मला उठायला वेळ लागतो. आईची गोधडी काढून ठेवते, हात लावून बघ.